आज कोठे दुखस?

शिरपूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. फळ्यावर लिहिताना हात जड व्हायला लागला, तेव्हा वाटलं, झोपेत अवघडला असेल. मग दुखणं खांद्यात आलं, तिथून कमरेत. पुढे तर शर्टाची बाहीसुद्धा दंडाला बोचायची. भरपूर झोपूनही सकाळी अंग ठेचल्यासारखं. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. सगळं नॉर्मल.

"बठ्ठा रिपोर्ट चांगला शेतस," माझे वडील, म्हणजे आबा, म्हणाले. "मंग दुखस काय?"

मला राग आला नाही. मलाही हाच प्रश्न पडला होता.

धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी मान, खांदे, गुडघे अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले. मी कळवळलो. "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. तुमच्या नसा साध्या स्पर्शाचाही मोठा गलबला करतात."

"मुळापासून जाईल?"

"बहुधा नाही. पण नीट जगता येतं. रोज थोडं चाला. आणि बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी सगळी कामं उरकू नका."

शेवटचं मला पटलं नाही. एका रविवारी अंग हलकं वाटलं, तर मी कूलर धुतला, माळा आवरला, संध्याकाळी शेतात जाऊन आलो. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कंगवा उचलवेना. दुखणं एवढं उशिरा का येतं? मग मी लक्षच ठेवू लागलो. ढगाळ हवेने दुखतं असं सगळे सांगत. माझं तसं काही दिसेना. पण स्टाफरूममध्ये वाद झाला की मान धरायची, हे नक्की.

आबा रोज सकाळी चहाच्या वेळी विचारू लागले, "आज कोठे दुखस?" आधी मला टोमणा वाटला. पण ते उत्तरासाठी थांबायचे.

"काल खांदा व्हता. आज गुडघामा कसं उनं?"

"कसं आलं, माहीत नाही, आबा."

"डॉक्टरले इचार ना मंग."

थंडीत शेतावर भरीत केलं. चोपड्याहून मामा आले होते. भाजलेली वांगी दरवर्षी मीच कुटायचो. मामांनी माझ्यापुढे मुसळ धरलं, ते आबांनी घेतलं.

"त्याले बसू द्या. आवंदा मी कुटस."

"काय व्हयनं त्याले? दिसस तं चांगला."

"दुखणं दिसत नही, भो," आबा म्हणाले, आणि कुटता कुटता त्यांनी सगळा आजार समजावला. नसांच्या त्यांनी वायरी केल्या, थोडं इकडचं तिकडे झालं, पण मी मधे बोललो नाही. खाटेवर बसून वांग्यांची जळकी सालं काढत ऐकत राहिलो.

मामांनी स्वतःच्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, "यामा पाठ बी दुखस का?"