मास्तरांची घडी आणि उन्हाच्या पट्ट्या

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईवाले. शिवण चांगलीच, पण नाव झालं ते घडीचं. कपडा शिवून झाला की टेबलावर पसरायचा, हात फिरवायचा, घडी घालायची आणि अंगठ्याच्या नखानं कड अशी दाबायची की इस्त्रीनं लाजावं. रुमाल असो, वर्तमानपत्र असो, औषधाची चिठ्ठी असो, हाती आलं की घडी. बायको म्हणायची, "मी एका जागी थांबत नाही म्हणून वाचले, नाहीतर माझीही घालून कपाटात ठेवली असती."

मग अर्धांगाचा झटका आला आणि मास्तरांचा डावा पाय रुसला तो रुसलाच. पायानं मशीन चालेना, म्हणून मोटार बसवली. पण गल्लीतली वीज पाहुणीसारखी. सवडीनं यायची आणि ऐन कामाच्या वेळी उठून जायची. गिऱ्हाईकं हात हलवत परत जाऊ लागली. परगावच्या मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, पुरे आता. दुकान बंद करा, माझ्याकडे या आणि आरामात बसा." बोलणं मायेचंच, पण त्या दिवशी मास्तर भरल्या ताटावरून उठले. नुसतं बसायचं कसं असतं, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

मास्तरांची भाची सोलरची फिटर. शिडी खांद्यावर, पक्कड खिशात. तिनं दुकानाचं छप्पर पाहिलं. पत्रा जुना, मधोमध गोल वाकलेला. त्यावरून मांजर गेलं तरी मास्तर कात्री थांबवून वर बघायचे.

"मामा, याच्यावर काचेची पॅनेलं ठेवली ना, तर ती तुमच्या मांडीवर येऊन बसतील."

दुसऱ्या खेपेला ती तीन काळ्या, पातळ पट्ट्या घेऊन आली, चटईसारख्या गुंडाळून. "यांना पातळ थराची पॅनेलं म्हणतात. वजन जवळजवळ नाहीच. वाकड्या पत्र्याला नुसती चिकटवायची. आभाळ आलं, शेजारच्या टाकीची सावली पडली, तरी अगदीच मान टाकत नाहीत."

"एवढी गुणाची आहेत, तर सगळे हीच का घेत नाहीत?" मामींनी विचारलं. मास्तर भुलले तरी त्यांची बायको भुलणाऱ्यातली नव्हती.

"खोटं कशाला सांगू, मामी? काचेवालीइतकीच वीज द्यायची तर ही जागा खातात दुप्पट. आणि लवकर म्हातारी होतात."

"मग आमच्यात शोभतील," मास्तर म्हणाले.

तिन्ही पट्ट्यांनी छप्पर भरणार होतं. त्यावर मशीन, दिवा, पंखा, तिन्ही चालणार होती. भाचीनं पत्रा धुऊन घेतला. "वाळू दे, उद्या चिकटवते. पट्ट्या जपून ठेवा हं, मामा."

जपून ठेवा म्हटल्यावर मास्तरांना एकच ठाऊक. एक पट्टी टेबलावर पसरली, हात फिरवला, दुहेरी केली, चौपदरी केली, नखानं कड दाबली आणि वर जुनी कोळशाची इस्त्री ठेवून दिली. दुसरीला हात घालणार, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "अहो, द्या इकडे, माझं काम अडलंय टेबलापाशी." त्यांनी उरलेल्या दोन्ही पट्ट्या कापडाच्या ठाणाच्या रिकाम्या नळीवर गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या.

सकाळी भाचीनं इस्त्री उचलली आणि कपाळावर हात मारला. "मामा! घडी घातलीत?"

"मग काय चुरगाळून ठेवू?"

"अहो, हे कापड नाही! गोल गुंडाळलं तर चालतं. घडीवर आतला थर तडकतो." तिनं मीटर लावून पाहिलं. काटा ढिम्म.

मास्तर खुर्चीत बसले. "हात दाखवून अवलक्षण. लाव मुलाला फोन. येतो म्हणावं."

"थांबा हो. दोघी अजून जिवंत आहेत."

तिनं त्या दोन पट्ट्या पत्र्याला चिकटवल्या आणि वायर खाली सोडली. दुपारी गल्लीतली वीज नेमानं गेली. मास्तरांनी बटण दाबलं. मशीन आधी गुरगुरलं, मग धावू लागलं. मास्तरांनी हुरूप येऊन पंखाही लावला, तर सुई अडखळली.

"एक तर शिवा, नाहीतर वारा खा," भाची म्हणाली.

मामींनी पंखा बंद केला आणि पुठ्ठा घेऊन मास्तरांना वारा घालू लागल्या. "शिवा तुम्ही. मला काय, सवय आहे." मास्तरांनी मान खाली घालून शिवण पुढे ओढली. डोळे मात्र भरले, आणि त्यांनी ते अस्तराच्या तुकड्यानं पुसले.

तडकलेली पट्टीही वाया गेली नाही. भाचीनं तिच्या तारा बंद केल्या आणि मशीनच्या डोक्यावर पत्रा गळायचा तिथंच ती चिकटवली. वीज देत नाही, पण पाणी अडवते. म्हातारपणी तेवढं जमलं तरी खूप झालं.

इस्त्री पुन्हा कोळशावर आली, कारण विजेच्या इस्त्रीची भूक या पट्ट्यांना झेपत नाही. मास्तरांची तक्रार नाही. सकाळी दुकान उघडताना ते आधी वर पत्र्याकडे बघतात, पण आता मांजरासाठी नव्हे.

उन्हावर शिवलेली पहिली वस्तू गिऱ्हाइकाची नव्हती. जाड कापडाची एक लांब, नळीसारखी पिशवी होती, आत पट्ट्या गुंडाळूनच मावतील अशी. भाचीला देताना मास्तर म्हणाले, "बाई गं, तू नसतीस तर मी आज मुलाच्या दिवाणखान्यात भिंत बघत बसलो असतो. ही घे. निदान दुसऱ्या कुणाचा मामा तरी असला घोळ घालणार नाही."

भाचीनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि फिस्सकन हसली. मास्तरांनी ती चौपदरी घडी घालून, नखानं कड दाबूनच दिली होती.