पोरीला उष्णता झालीय

आंध्रातल्या आत्रेयपुरममध्ये पूतरेकुलु ही कागदासारख्या पापुद्र्यांची मिठाई करणाऱ्या बाया घरटी एक, पण सत्यवेणीच्या हातचा पापुद्रा दुकानदार वेगळा काढून ठेवतात. उपड्या मडक्याखाली वाळक्या झावळ्यांचा जाळ करायचा, तांदळाच्या पातळ पिठात बुडवलेलं फडकं मडक्यावरून एकदाच फिरवायचं आणि सुटलेला पापुद्रा हलक्या हाताने उचलायचा. मडकं जास्त तापलं तर पापुद्रा करपतो, कमी तापलं तर चिकटतो. जन्म त्या जाळापुढे गेल्यामुळे जगात जे काही बिघडतं ते उष्णतेने, अशी तिची पक्की समजूत होती. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. नवरा वीरबाबू कडियमच्या रोपवाटिकेतून चिडून घरी आला, तर तीही उष्णताच. यात ती एकटी नव्हती. सगळं गाव तसंच बोलायचं आणि वर ताक प्यायचं.

तिची मुलगी लिखिता, घरातली बुज्जी, नुकती अंगणवाडीत जायला लागली होती. पावसाळा संपल्यापासून तिला ताप यायचा, उतरायचा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा यायचा. खोकला नाही, सर्दी नाही, नुसता ताप.

गावातले डॉक्टर सूर्यप्रकाशराव म्हणजे देवमाणूस. पोरांना चॉकलेट द्यायचे, बायांना नावाने हाक मारायचे. वीरबाबूला लहानपणी विषमज्वरातून त्यांनीच बाहेर काढलं होतं, त्यामुळे सत्यवेणीच्या सासूच्या, मंगायम्माच्या मते, त्यांच्या हाताला गुण होता आणि विषय तिथेच संपत होता. राव प्रत्येक वेळी तापाचं गोड औषध द्यायचे, हवा बदललीय म्हणायचे आणि पुढच्या पोराला जवळ घ्यायचे. दुसऱ्या तापाच्या वेळी सत्यवेणीने धीर करून सांगितलं होतं, की पोरीला उष्णता झालीय. डॉक्टर हसले. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सत्या, उष्णता तुझ्या मडक्याला होते. माणसाला ताप येतो."

सगळे हसले. तीही हसली, पण कान तापले. त्या दिवसापासून डॉक्टरपुढे तिने तो शब्द तोंडातून काढला नाही. आणि शब्द गिळला तेव्हा त्याच्या पोटात जे होतं तेही गिळलं गेलं. बुज्जी लघवीला जायला टाळाटाळ करायची, पायावर पाय घालून उभी राहायची, बसवलं की रडायची. सत्यवेणीच्या लेखी तीच तर उष्णता होती. डॉक्टरांना ती कळत नाही म्हटल्यावर ती आपली घरची बाब. सब्जा भिजवायचा, ताक द्यायचं, आणि दवाखान्यात फक्त ताप सांगायचा.

चौथा ताप आला तो थंडी वाजून, उलट्या घेऊन. रावांचं औषध पोटात ठरेना.

रावुलपालेमच्या करुणाकुमारी डॉक्टरांचं नाव तिने ऐकलं होतं ते एका तक्रारीतून. शेजारची वरलक्ष्मी आपल्या पोराला तिकडे नेऊन आली होती आणि ओसरीत बसून तावातावाने सांगत होती, की नाव करुणा, पण बाईच्या बोलण्यात करुणा औषधालाही नाही. किती प्रश्न विचारले, जशी काही पोलीस चौकीच. पोर कधी झोपतं, काय खातं, शी कशी होते, आधीच्या गोळ्या दाखव. वरलक्ष्मीने पुन्हा त्या दारात पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतली. सत्यवेणी पापुद्रे रचत ऐकत राहिली. जिला इतकं विचारायचंय, तिच्याकडेच जायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं.

"रावगारूंना काय वाटेल?" मंगायम्मा म्हणाली.

"काय वाटायचं ते वाटू दे, अत्तय्या. पोर माझी तापलीय."

मंगायम्मा तोंड फुगवून का होईना, रिक्षात बसली. नातीला तशी पाठवून घरी बसणं तिच्याच्याने झालं नसतं.

डॉक्टरबाईंनी चॉकलेट दिलं नाही. काय होतंय विचारलं. ताप, सत्यवेणी म्हणाली. आणखी? काही नाही. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. चार वेळा ताप येतो आणि आणखी काहीच नाही, असं कसं? सत्यवेणी बुज्जीचा फ्रॉक सारखा करत बसली. तेव्हा मंगायम्मालाच राहवलं नाही.

"उष्णता आहे हो पोरीला. ही सांगत नाही, लाजते."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सत्यवेणीला झालं. ती हसण्याची वाट बघत राहिली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुठे?" त्या म्हणाल्या. "उष्णता कुठे आहे? तुम्हाला काय दिसतं ते सांगा."

मग सत्यवेणीने सगळं सांगितलं. पायावर पाय, रडणं, रोखून धरणं. बाईंनी लगेच लघवी तपासायला पाठवली. तिथे जंतू सापडले. हाच आजार पोरीला फिरून फिरून होतोय असं दिसतंय, बाई म्हणाल्या, आणि असाच होत राहिला तर मूत्रपिंडाला व्रण पडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. औषधाची बाटली दिली आणि बोट रोखून सांगितलं, की ताप उतरला तरी बाटली पूर्ण संपवायची.

ताप खरंच उतरला. बुज्जी भात मागून खाऊ लागली, अंगणात कोंबड्यांच्या मागे धावू लागली. आणि मग तिच्या तोंडात लाल फोड आले, पातळ शी व्हायला लागली.

आता हे काय, ते त्या घरात कुणाला विचारावं लागलं नाही. औषधाने उष्णता केली. कडक औषध, दुसरं काय होणार? मंगायम्मा म्हणाली आणि सत्यवेणीला ते पटलं. जाळ जास्त झाला तर झावळी मागे ओढायची, हेच ती आयुष्यभर करत आली होती. तिने आधी औषध अर्धं केलं. मग पोर हसते-खेळते आहे असं पाहून तेही बंद केलं आणि ताक सुरू केलं.

त्यानंतर एका सकाळी ती बुज्जीला उठवायला गेली तर अंग भट्टीसारखं. दात वाजत होते. पोर पायावर पाय घट्ट आवळून पडली होती.

सत्यवेणीने तिला उचलून पोटाशी घेतलं. हे आपण केलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. वीरबाबू कामावर होता. फोनवर म्हणाला, पुन्हा रावगारूंकडे जा, ते निदान ओरडत नाहीत. मंगायम्मा मात्र फळीवरची बाटली काढून मोरीकडे गेली आणि उरलेलं औषध तिने ओतून टाकलं.

"हे काय केलंत?"

"रिकामी बाटली दाखव. पूर्ण दिलं म्हण. खरं सांगितलंस तर ती बाई अंगावर येईल आणि पोरीला हात लावणार नाही. मग कुठे जाशील?"

सत्यवेणीने बाटली पिशवीत टाकली. रिक्षात बुज्जी मांडीवर निपचित पडली होती. कालव्याच्या कडेने रस्ता संपता संपत नव्हता. ती मनातल्या मनात घोकत होती, पूर्ण दिलं, पूर्ण दिलं.

डॉक्टरबाईंनी आधी पोरीला तपासलं, मग बाटली उजेडात धरली.

"सगळं दिलं?"

"सगळं," मंगायम्मा म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. त्या आता स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. सबंध बाटली पोटात जाऊनही ताप आला, म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाहीत. काकिनाड्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन भरती करावं लागेल, जास्त जोराची इंजेक्शनं सलग द्यावी लागतील. आतमध्ये काही अडथळा आहे का तेही बघावं लागेल. बोलता बोलता त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

मंगायम्माने सुनेचा हात दाबून धरला. बुज्जी कण्हली. कागदावर पेन चालत होतं, आणि ती बाई जे लिहीत होती ते आपल्या खोट्यावर लिहीत होती, हे सत्यवेणीला लख्ख दिसलं. करपलेला पापुद्रा चांगल्या पापुद्र्यांत दडवला तर सगळी चवड कडू होते. तो ती कधी दडवत नसे. आणि इथे पोटची पोर होती.

"नाही दिलं, मॅडम," ती म्हणाली. "अर्धं दिलं. मग बंद केलं. उरलेलं मोरीत गेलं."

पेन थांबलं. मंगायम्माने हात सोडला. सत्यवेणीने मान खाली घातली. आता बोलणी खायची आणि वर पोर उचलून चालू पडायचं, अशी तिची तयारी झाली होती.

"का बंद केलं?"

"औषधाने उष्णता केली."

"कुठे?" बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दाने सत्यवेणीचा बांध फुटला. रडत रडतच तिने सांगितलं, तोंडात फोड, पातळ शी, पोर घास गिळेना. बाईंनी लिहिलेली चिठ्ठी फाडली. मग त्या बोलल्या, आणि चांगलंच बोलल्या. हे औषध घेताना असं होऊ शकतं, त्याला उपाय आहे, पण तो त्यांना विचारायचा, मोरीला नाही. उष्णता झाली की त्याच दिवशी फोन करायचा. औषध कमी करायचं की थांबवायचं ते त्या ठरवतील. "आणि खरं सांगायला भिऊ नकोस," त्या शेवटी म्हणाल्या. "मी ओरडेन. ओरडून झालं की औषध देईन."

लघवी पुन्हा तपासायला गेली. काकिनाडा टळलं, पण घरी सोडलं नाही. तिथेच खाटेवर ठेवून हाताच्या शिरेतून इंजेक्शन सुरू केलं. पोटाचा फोटो काढला. डाव्या मूत्रपिंडाला सूज होती. व्रण पडलाय की नाही ते नंतर, सगळं शांत झाल्यावर दुसऱ्या तपासणीत कळेल, बाई म्हणाल्या. तोवर खात्री देता येत नाही. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, आणि सत्यवेणीला तेही बरं वाटलं.

ताप उतरायला वेळ लागला. उतरला त्याच्या दुसऱ्या सकाळी बुज्जी खाटेवरून आपणहून खाली उतरली आणि म्हणाली, लघवीला जायचंय. आजीचाही हात तिला नको होता. ती एकटी आत गेली.

सत्यवेणी दाराला कान लावून उभी राहिली. मंगायम्मा मागे पदराशी चाळा करत उभी होती. आतून पाण्याचा आवाज आला. रडण्याचा आला नाही. पाठोपाठ प्लास्टिकचा मग आपटला आणि बुज्जीने अंगणवाडीतलं बडबडगीत म्हणायला सुरुवात केली.

सत्यवेणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आता गं का रडतेस?" मंगायम्माने विचारलं.

"रडत नाही, अत्तय्या. उष्णता झालीय."

मंगायम्माने सुनेचे हात तिच्या तोंडावरून बाजूला केले.

"कुठे?" ती म्हणाली.