राबाचा धूर आणि दुसरा मजला

किस्से कोणी शोधत बसत नाही. ग्रामपंचायतीत लिपिकाच्या खुर्चीवर बसलात की ते आपल्या पायांनी येतात, अर्जावर सही करून येतात, आणि वर पोचही मागतात! आटगाव स्टेशनापासून पाऊण तास चाललं की आमचं गाव. तिथे मी पंधरा वर्षं आवक रजिस्टर लिहिलं. सुरुवातीला त्यात काय असायचं? घरपट्टी, दाखले, आणि कोणाची म्हैस कोणाच्या वाडीत शिरली ते. मग पंच्याण्णवच्या आसपास गावाला खेटून चार मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली आणि आम्ही एकदम उपनगर झालो. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. बिल्डरच्या रंगीत कागदावर तसं छापलं होतं, म्हणजे झालंच.

बिल्डिंगखालची जमीन काळूबाबाची. भाताची तीन खाचरं त्याने बिल्डरला दिली, त्यात पोराला, रमेशला, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. चौथं खाचर मात्र त्याने सोडलं नाही. ते बिल्डिंगच्या भिंतीला लागून, आणि त्याच्या कोपऱ्यात राबाची जागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं बी पेरायच्या आधी, भर उन्हाळ्यात, आम्ही त्या तुकड्यावर पाला, गवत, शेण पसरतो आणि भाजतो. तो राब. राब भाजला नाही तर रोप नीट उठत नाही, रोप नाही तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर वर्षभर काय खायचं ते बघा. काळूबाबाचं सगळं वर्ष त्या कोपऱ्यातल्या धुरावर अडलेलं, आणि धुराच्या बरोबर वर बिल्डिंगच्या खिडक्या!

* * *

बिल्डिंगचा पहिला अर्ज बेडकांचा आला. अर्जदार प्रधान, बँकेतून निवृत्त झालेले, दादरची खोली विकून आलेले. अक्षर मोत्यासारखं. ‘शांततेसाठी आम्ही मुंबई सोडली. तथापि येथील बेडूक संध्याकाळपासून जो आवाज करतात, त्याचा पंचायतीने बंदोबस्त करावा.’

मी अर्ज सरपंचांना वाचून दाखवला. ते पान चघळत म्हणाले, “लिव त्यांना, बेडूक आपले मतदार नायत. आपला हुकूम चालत नाय त्यांच्यावर.”

असं कसं लिहिणार? मी सरकारी भाषेत लिहिलं, ‘आपला अर्ज पावसाळ्यानंतर विचारात घेण्यात येईल.’

ऑक्टोबरात प्रधान पेढे घेऊन ऑफिसात हजर. “क्लार्कसाहेब, मानलं तुम्हाला! एक बेडूक ऐकू येत नाही!”

* * *

मार्च लागला की बिल्डिंगची बोअर आटायची. मग टँकर. आमच्या बायकांच्या रांगेत बिल्डिंगवाले बादल्या घेऊन उभे राहायचे. पहिल्या वर्षी लाजत, दुसऱ्या वर्षी भांडत.

एकदा प्रधान दोन बादल्या घेऊन उभे होते. मला बघून भडकलेच. “अहो, दादरला तिसऱ्या मजल्यावर मी तानसा धरणाचं पाणी प्यायचो. नळ सोडला की तानसा! आता तानसाच्या शेजारी राहायला आलो, आणि काय करतोय? बादली धरून उभा आहे!”

मागे काळूबाबा हंडा घेऊन उभा होता. तो शांतपणे म्हणाला, “तुमी पिलात तरी, सायेब. आमी शेजारी जल्मलो, आमाला अजून नळाची चव ठाव नाय.”

प्रधानांनी त्याला पुढे जागा दिली. टँकर काळूबाबापर्यंत पोचायच्या आधीच संपला, ही गोष्ट वेगळी.

* * *

प्रधानांची मी टिंगल करतो, पण एक सांगायलाच हवं. माणूस खोटा नव्हता. त्यांच्या बायकोला दम्याचा त्रास. दादरला असताना दम्याचा पंप उशाशी लागायचा, इथे आल्यावर तो कपाटात गेला. उपनगरात राहण्याचा फायदा काय, असं कोणी विचारलं तर मी त्या बाईंकडे बोट दाखवीन. दुसरा सापडला तर कळवतो.

राबाच्या पहिल्या धुराला मात्र पंप कपाटातून बाहेर आला. प्रधान तरातरा माझ्याकडे. “हा कचरा जाळणारा कोण आहे? त्याला ताबडतोब बंद करायला सांगा!”

मी त्यांना राब म्हणजे काय ते सांगितलं. शहाणा माणूस, ऐकून घेतलं. मग मी त्यांना घेऊन काळूबाबाकडे गेलो. दोघं माझ्यासमोर बसले. एकाला धूर नको, एकाला धुराशिवाय चालत नाही! आता काय होणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

काळूबाबाने एवढंच विचारलं, “ताईंना म्हायेर हाय का?”

“बहीण आहे कल्याणला.”

“मंग मी दोन रोज आदी सांगत जाईन. ताईंनी बयनीकडं जावं. मी भाजून घेईन, मंग परत यावं.”

झालं! ना अर्ज, ना पोच. पुढची कितीतरी वर्षं काळूबाबा राबाच्या आधी प्रधानांच्या दारात जाऊन सांगायचा, आणि बाई बॅग भरायच्या. येताना काळूबाबाच्या नातवंडांसाठी खाऊ आणायच्या. माझ्या नोकरीत पंचायतीशिवाय मिटलेलं हे एकच प्रकरण, आणि म्हणूनच ते नीट मिटलं.

* * *

रमेश बायकोपोरं घेऊन फ्लॅटमध्ये राहायला गेला तेव्हा पूजा होती. अख्खं गाव जेवायला. काळूबाबा नवं धोतर नेसून आला, पण बसेना. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. जन्मभर जमीन त्याने खालूनच पाहिलेली, वरून बघायची ही पहिलीच वेळ.

बराच वेळ बघून झाल्यावर मला म्हणाला, “सदू, येवढीशीच रायली व्हय रे?”

मी म्हटलं, “वरून सगळं लहानच दिसतं, बाबा.”

“तसं आसंल,” म्हणाला, आणि न जेवताच गेला. रमेश पाहुण्यांना मार्बल दाखवत होता. त्याला बापाचं पान रिकामं राहिलेलं संध्याकाळी कळलं.

* * *

रमेश ठाण्याला एका ऑफिसात नोकरीला. पोरगा हुशार, वाईट नाही. पण दुसऱ्या मजल्याची हवा त्याला जरा जास्तच मानवली. एकदा ऑफिसात द्यायला रहिवासी दाखला हवा म्हणून आला. हळूच म्हणाला, “भाऊ, गावाचं नाव नको. नुसतं बिल्डिंगचं नाव, आटगाव वेस्ट, मुंबई सबर्ब, असं टाका ना.”

मी म्हटलं, “अरे, मी काहीही टाकीन. पण खाली शिक्का कोणाचा मारू? त्यावर ग्रामपंचायत आणि तालुका शहापूर लिहिलंय!”

त्याने टेबलावरचा शिक्का उचलून बघितला. मग म्हणाला, “शिक्का जरा पुसट मारा.”

मी चांगला शाईत बुडवून मारला. मला राग आला होता, आणि तो आजही गेलेला नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. एप्रिल महिना. बिल्डिंगकडून टाइप केलेला अर्ज आला. ‘उपनगरीय वस्तीत शेतजमिनीवर आग लावण्याचा प्रकार शोभत नाही, आरोग्यास घातक आहे, तरी तो कायमचा बंद करण्यात यावा.’ खाली सात-आठ सह्या. सरपंच नवे होते. बिल्डिंगमध्ये मतं होती, काळूबाबाकडे एकच. म्हणाले, “नोटीस काढ. अर्जाची झेरॉक्स नक्कल जोड आणि सही घेऊन ये.”

मी आधी प्रधानांकडे गेलो. चिडूनच गेलो. “इतकी वर्षं नीट चाललं होतं ना?”

प्रधानांनी चष्मा काढला. “क्लार्कसाहेब, माझी सही शोधून दाखवा त्यात. माझ्याकडे आले होते. मी दार लावून घेतलं.”

मी तिथेच सह्या नीट वाचल्या. मग मला नोटीस घेऊन जायचा धीर होईना. पण नोकरी होती. गेलो.

काळूबाबा राबावर पाला पसरत होता. शेणाचा थर झालेला, वर गवत, त्यावर पाला, कडेने माती. उद्या भाजायचा. मी नोटीस वाचून दाखवली. त्याने मान डोलवत ऐकली. त्या वर्षी राब पेटला नाही आणि खाचर पडीक राहिलं, पण ते पुढचं. मी सांगतोय ते त्या सकाळचं.

“कोणी केलाय आर्ज?”

“बिल्डिंगवाल्यांनी,” मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

“आण हिकडं.”

त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून मी निर्धास्तपणे अर्जाची नक्कल दिली. त्याने मातीचा हात धोतराला पुसला आणि एकेका सहीवरून बोट फिरवत खाली आला. चौथ्या सहीवर बोट थांबलं.

“ही आमच्या रमेशची. जमीन दिली तवा माज्या आंगठ्याखाली त्यानं हीच केली व्हती.”

मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. वर कोणाच्या तरी गॅलरीत कपडे वाळत होते.

“आंगठा कुठं लावू?”

मी शाईचं पॅड पुढे केलं. त्याने अंगठा लावला, मन लावून, कडा न फाकता. मग नोटीस मला परत दिली, आणि नक्कल मात्र स्वतःकडे ठेवली. ती उन्हात धरून पुन्हा बघितली.

“तवा वाकडी यायची रे, सदू,” तो म्हणाला. “आता किती झ्याक करतो सई!”