बाबांचा फोन
परवा माळा आवरताना जुना लाल फोन सापडला. रिसीव्हर कानाला लावला तर नुसता धुळीचा वास आला, आणि तो रविवार आठवला. तेव्हा घरचं इंटरनेट याच फोनच्या लाइनवरून चालायचं. कोणी रिसीव्हर उचलला की तुटायचं. मी हिंजवडीत नुकताच नोकरीला लागलो होतो. अमेरिकेला पाठवायची फाइल पाऊण तास सरकत सरकत संपत आली होती, तेवढ्यात साताऱ्याच्या आजारी आत्याची चौकशी करायला बाबांनी फोन उचलला. ऑफिसात साहेबापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, बाबांवर मात्र मी ओरडलो, "किती वेळा सांगायचं? हात लावू नका फोनला!" त्यांनी रिसीव्हर हलकेच ठेवला. "बरं. चुकलं," एवढंच म्हणाले. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर ते रांगेत उभे दिसले. मग दर रविवारी तिथेच. पुढे ब्रॉडबँड आलं तेव्हा मी म्हणालो, "बाबा, आता खुशाल बोला घरून." "नको, तेवढंच चालणं होतं," म्हणत त्यांनी चपला घातल्या. ती फाइल मी तासाभरात पुन्हा पाठवली होती. तिच्यात काय होतं, ते आज काही केल्या आठवत नाही.