झिंग्यांची पंगत

समुद्रापासून इतक्या लांब राहून झिंग्यांवर इतका जीव लावणारा माणूस आमच्या सरांखेरीज दुसरा नसेल. सर म्हणजे परतूरकडचे निवृत्त विज्ञानशिक्षक, आणि मी त्यांच्याकडे कामाला. खाडीकाठचा, आठवीतून शाळा सोडलेला. बोअरला खारं पाणी लागलं तेव्हा गाव हळहळलं, सरांनी मात्र पेढे वाटले आणि दोन शेततळ्यांत झिंगे सोडले. तळ्याकडे जायचं तर औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचेच. व्याह्यांनाही त्यांनी धोतर वर धरून टबात उभं केलं. "पाय धुतात व्याह्याचे, पण असे जबरदस्तीनं न्हाई!" व्याही कुरकुरले. "तुम्हाला रोग झाला तर डॉक्टर हाये," सर म्हणाले, "झिंग्याला कोण हाये?"

झिंग्यांना भीती पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूची. तो शिरला की चार दिवसांत तळं रिकामं. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने प्रयोगासाठी आरएनए घातलेलं खाद्य पाठवलं होतं. "विषाणू पेशीत घुसून आपल्या हुकमाचा कागद फिरवतो," सर मला समजावत. "आपण त्या कागदाची नक्कल खाऊ घालून राह्यलो. मंग तसला कागद दिसला की पेशी बराबर फाडती." एका तळ्याला हे खाद्य, दुसऱ्याला साधं, म्हणजे फरक कळणार.

सरांची दुसरी खोड पंगत. दुपारी सगळे गडी एका ओळीत, वाढणार सर. एकदा जिलेबी एक कमी पडली, तर सगळ्यांच्या ताटातल्या उचलून, मोडून पुन्हा वाटल्या. "पंगतभेद माझ्या दारात बिलकुल चालणार न्हाई!"

त्या पंगतीत जेवून माझा हात एका तळ्याला औषधाविना ठेवायला धजेना. आठ दिवस औषधी खाद्यच मी दोन्ही तळ्यांना सारखं वाटलं. साध्या खाद्याची गोणी कमी होईना तेव्हा सरांनी विचारलं. मी सांगून टाकलं आणि मनात पिशवी भरायला घेतली. इथून हाकललं तर घरी काय तोंड दाखवू?

"कोणी सांगितलं रे असं करायला?"

"तुम्हीच, सर. पंगतभेद..."

सर बांधावर मटकन बसले. मग चष्मा निघेस्तोवर हसले. "लेका, सगळा प्रयोगच पंगतीला बसवलास की!" नोंदवही पुढे केली. "झालं ते तुझ्या हातानं लिही. खाली नाव टाक." मी लिहिलं; त्यांनी दोन वेलांट्या लाल पेनाने सुधारल्या, आणि प्रयोग पहिल्यापासून सुरू केला.

गुण येतो की नाही, अजून कळायचंय. साध्या खाद्याचं तळं आता सर मला देत नाहीत. स्वतः टाकतात, जरा वेळ तिथेच उभे राहतात. आणि पंगतीत हल्ली सगळ्यांना गोड वाढतात, स्वतःच्या ताटात तेवढं घेत नाहीत.