दूरचा समुद्र आणि हलका धान

फोन आला तेव्हा मी नागपूरला लेकीकडे होते. शेजारचा गुलाब बोलत होता. "काकू, मॅडम गेल्या... सकाळी दार वाजवून राहिलो, त्या उठल्याच नाही." मॅडम म्हणजे माझी नणंद शकुन. केशोरीजवळच्या आमच्या गावात सगळे तिला मॅडमच म्हणत, कारण गावातल्या अर्ध्याअधिक लोकांना शाळेत तिनंच भूगोल शिकवलेला. माझे यजमान गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो होतो. आता भेटायला येणाऱ्या बायांची गर्दी ओसरली आहे आणि घर फार मोठं वाटतं.

शकुननं समुद्र कधी पाहिला नाही. नातेवाईक मुंबईला बोलवायचे, ही जायची नाही. पण तिकडे प्रशांत महासागर तापला की इकडे हिला घाम फुटायचा! बियाणं काढायची वेळ आली की आमचं भांडण ठरलेलं. मला भारी धान हवा. तो उशिरा येतो, पण भरघोस येतो. समुद्र तापलेल्या वर्षी तिला हलका हवा, पाणी संपायच्या आत हाती येणारा. "तुझा समुद्र कुठं, आपल्या धानाच्या बांध्या कुठं? काऊन डोकं खाऊन राहिली?" मी म्हणायची. ती चुलीकडे बोट दाखवायची. "वहिनी, चूल जिथं पेटली तिथंच वाफ वर जाते ना? समुद्रातली चूल सरकली का ढगबी सरकते. तिकडंच बरसते. आपल्या वाट्याले कोरडी हवा." आमची शेती इटियाडोह धरणाच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पार शेपटाला. पाऊस रुसला की नहराचं पाणी वरच्या गावांतच संपतं. त्यामुळे भांडण नुसतं तोंडाचं नव्हतं, वर्षभराचं ताट त्यावर होतं.

एका वर्षी तिचं ऐकून हलका टाकला. श्रावण कोरडा गेला, तेव्हा ती गावातून ताठ चालायची. पण कापलेला धान शेतात वाळत पडला आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला. लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. शेजाऱ्यांचा भारी धान अजून हिरवा होता, त्याला तेच पाणी अमृत झालं. चौकातले लोक विचारायचे, "मॅडम, समुद्र थंडा झाला का?" तिचेच विद्यार्थी ते! घरी मीही तोंडाचा पट्टा सोडला. ती ओल्या पेंढ्या उलटत राहिली. मग म्हणाली, "समुद्र कल सांगते वहिनी, तारीख नाही सांगत."

त्यानंतर तिनं गावात समुद्राचं नाव काढलं नाही. चौकात थांबणंही सोडलं. पुढे तिचा अंदाज जुळला, आमची धानाची ढोली भरली, तरी ती कुणाला काही बोलली नाही. जन्मभर शिकवलेल्या बाईला ऐकणारं एकच माणूस उरलं, आणि तेही भांडखोर... याचं मला आता फार वाईट वाटतं.

तिचा मोबाईल माझ्याकडे आहे. रोज सकाळी तो आपणहून समुद्राच्या बातम्या पुढे करतो. ती गेली हे त्याला कोण सांगणार? यंदाही पाणी तापतंय म्हणे.

परवा गुलाब अंगणात येऊन उभा राहिला. "काकू, यंदा कोणता धान टाकता?"

"तुला कायले पाहिजे?"

तो खाली बघत म्हणाला, "मॅडमचा अंदाज जुळला तवापासून आम्ही दरसाल तुमचे पऱ्हे, कोणती रोपं टाकली ते पाहूनच ठरवत होतो. मॅडमले विचाराची लाज वाटे... मी एकटाच नाही, चौकातले सारेच."

मला रडू आलं, आणि रागही आला. हे तिला एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्याला काय बोलणार! उद्या सांगते म्हणून मी आत आले.

बियाण्याच्या खोलीत दोन्ही पोती शेजारी होती. मी भारीचं पोतं पुढे ओढलं आणि मोठ्यानं म्हणाले, "यंदा मी भारीच टाकणार."

नेहमीसारखं तिचं "वहिनी..." ऐकू येईल म्हणून दाराकडे पाहिलं.

मग हलकं बियाणं भिजत घातलं.