रामनगरच्या घराचा टॅक्स कुणाचा?

"सोमवारी कचहरीत जाते, घर त्यांच्या नावावर करून देते आणि मोकळी होते," मालूताई म्हणाल्या.

"आधी टॅक्स किती निघतो ते तरी बघू या," मी म्हटलं.

"ते म्हणतात, घर विकलं तरी फिटणार नाही."

'ते' म्हणजे दिनकरराव. ठेकेदार, आणि वर्षभरापूर्वीपर्यंत मालूताईंचे यजमान. घटस्फोटानंतर मालूताई बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात वडिलांकडे राहायला आल्या होत्या. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. रामनगरचं भाड्याने दिलेलं घर पहिल्यापासून त्यांच्या नावावर होतं. कोर्टाने पोटगीऐवजी ते त्यांच्याकडेच ठेवलं. म्हातारपणाचा आधार म्हणावा तर तेवढाच.

आणि आता इन्कम टॅक्सची नोटीस आली होती. मागच्या कित्येक वर्षांच्या भाड्यावर टॅक्स का भरला नाही? दिनकरराव लगेच मदतीला धावले. "घर मला दे, टॅक्सचं मी निस्तरतो," म्हणाले. इतकी तत्परता त्यांनी संसारात दाखवली असती तर प्रकरण माझ्यापर्यंत आलंच नसतं.

मी तेव्हा बनारसमध्ये टॅक्सची वकिली करत होते. मी विचारलं, "घर घेताना पैसे कुणी दिले?"

"त्यांनीच. माझ्याकडे कुठले?"

"आणि भाडं?"

"तेच घ्यायचे. मला तर भाडेकरूचं नावही घटस्फोटानंतर कळलं."

मला हसू आलं. कायदा असा आहे : नवऱ्याने मोबदला न घेता बायकोच्या नावावर घर केलं, तर लग्न टिकेपर्यंत त्याचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. आमच्या धंद्यात याला क्लबिंग म्हणतात. नाहीतर प्रत्येक शेठ सगळी कमाई बायकोच्या नावावर दाखवून मोकळा झाला असता.

"म्हणजे तो टॅक्स त्यांचा?" मालूताई खुर्चीत ताठ बसल्या.

"त्यांचा. पण पैसे त्यांचे होते हे सिद्ध करावं लागेल. ते थोडेच कबूल करणार आहेत!"

"कबूल? अहो, भर कोर्टात शपथेवर ओरडून सांगितलंय त्यांनी! 'हिने एक छदाम दिला नाही, घर माझ्या पैशाचं आहे, भाडं मी घेतो.' जजसाहेबांनी दोनदा गप्प बसवलं."

त्या साक्षीची नक्कल काढायला मला तीन चकरा माराव्या लागल्या. ती घेऊन आम्ही दोघी टॅक्स ऑफिसात गेलो. ऑफिसरनी साक्ष वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मैडम, ये तो खुद ही सब बोल गए हैं!"

"जी. और पूरे जोश में."

मालूताईंवरची जुन्या वर्षांची केस बंद झाली. त्यांच्याकडे निघाला तो फक्त घटस्फोटानंतरच्या भाड्यावरचा टॅक्स. गृहकर आणि दुरुस्तीची वजावट जाऊन तो एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीएवढा झाला. बँकेत भरून बाहेर आल्यावर त्या पायरीवरच बसल्या. रडताहेत असं वाटलं, म्हणून मी वाकून पाहिलं. हसत होत्या.

"सोमवारी कचहरीत जायचंय ना?" मी विचारलं.

"छे हो! सोमवारी आठवीचा पेपर आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात दिनकरराव माझ्या ऑफिसात आले. त्यांनाही नोटीस गेली होती. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग हळूच म्हणाले, "वकीलबाई, माझा सगळा मागचा टॅक्स किती निघेल, जरा हिशोब करून द्याल?"

मी त्यांना दुसऱ्या वकिलाचं नाव सांगितलं. एका केसमध्ये दोन्ही बाजूंची फी घेता येत नाही, वाईट एवढंच वाटतं.

तेव्हापासून घटस्फोटाला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते. कोर्टात काय ओरडायचं ते आधी टॅक्सवाल्याला विचारून घ्या.